रोजनिशी : पद्मिनीच्या मागच्या पाट्यांचे बुश

शुक्रवार, रात्री

प्रीमियर पद्मिनी गाडी चाकांवर उभी असतानाच निदान पक्कं झालं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागून एक 'खट्', ब्रेक दाबला की पुन्हा एक. आवाज असा जोडीने येत असेल तर शॉकअपवर संशय घेण्याआधी पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा डोळा, म्हणजे टोकाची वळवलेली गोल कडी, आणि तिच्यातला रबरी बुश बघावा. पद्मिनीला मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा कणा) आहे. चाकांची ओढ आणि ब्रेकचा रेटा हे दोन्ही पाट्यातून, आणि तेही पुढच्या डोळ्यातल्या पिनेतूनच बॉडीत जातात. ओझं पडलं की पाटा चपटा होऊन लांबतो, म्हणून मागचं टोक शॅकलवर (झुलत्या पट्ट्यांच्या जोडीवर) झुलतं ठेवलेलं असतं. पुढचा बुश गेला की ॲक्सल त्या बाजूने पुढेमागे सरकू लागतो आणि खराब रस्त्यावर गाडीची शेपटी स्वतःच्या मनाने वळते.

डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवलं. रबर भेगाळून कडेने बाहेर फुगलेलं, पिन डोळ्याच्या मध्यावर नाही, खाली तांबूस भुकटी. ही भुकटी म्हणजे रबर संपून लोखंडावर लोखंड घासायला लागल्याची खूण. आणखी काही तपासायची गरज उरत नाही.

नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय. एकदा मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नसतो, दोन रात्री मुरू द्यावं. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ केले तरच ते आत शिरतं. मागची दोन्ही चाकं जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं. हा आकडा शेवटी लागणार आहे.

शनिवार

सामानाबद्दल. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस, दोन्हीकडे चौकशी करता येते. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडून वीसहून जास्त वर्षं झाली. त्यामुळे 'जुना ओरिजिनल माल' ऐकून हुरळून जाऊ नये. पाकीट सीलबंद असलं तरी आतलं रबर वीस वर्षांचंच. नख रोवून बघावं, बुश किंचित वाकवून बघावा. बारीक भेगा दिसल्या किंवा नख रुतलंच नाही तर परत द्यावा. ताज्या रबराचा साधा नवा बुश त्यापेक्षा बरा.

बुश दोन जातींचे मिळतात. एक, दोन अर्ध्या टोप्यांसारखा, दोन्ही बाजूंनी डोळ्यात सरकवायचा. दुसरा सायलेंट ब्लॉक : बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. आपल्या गाडीचा जुना उघडून बघितल्याशिवाय खरेदी करू नये आणि व्हर्नियर (बारीक मापं घेणारी पट्टी) खिशात ठेवावं. सायलेंट ब्लॉकची बाहेरची नळी डोळ्यापेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर मोठी असायला हवी. हाताने सरकून बसणारा बुश डोळ्यात फिरत राहतो आणि डोळाच खातो. आतली नळी डोळ्याच्या रुंदीपेक्षा थोडी लांब हवी, म्हणजे ब्रॅकेटचे गाल तिला घट्ट धरतात.

पॉलीयुरेथेनचा मोह बऱ्याच जणांना होतो. साधारण बुशचं रबर 60 ते 70 शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचं असतं, पॉली बहुधा 80 च्या पुढे. ते टिकतं, पण आपल्या रस्त्यांचा प्रत्येक दणका बॉडीत पोचवतं, आणि सिलिकॉन ग्रीस आटलं की कुरकुरतं. या गाडीची मऊ चाल हाच तिचा गुण आहे. तो घालवून टिकाऊपणा विकत घेणं मला पटत नाही. लेथवर कातलेले नायलॉनचे बुश तर नकोतच.

रविवार

उजवी बाजू. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावले, चाकाचे नट जमिनीवरच सैल केले. मग गाडी उचलून बॉडीच्या मजबूत भागाखाली दोन स्टँड, आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कितीही घाई असली तरी. ॲक्सल लोंबू द्यायचा नाही, नाहीतर ब्रेकच्या रबरी पाइपला ताण बसतो. जॅक इंचभर वरखाली करत पिनेवरचा ताण शून्य होतो ती जागा शोधायची. तिथे पिन बोटांनी गोल फिरते.

एका वेळी एकच टोक सोडायचं. दोन्ही सोडली की ॲक्सल दुसऱ्या पाट्यावर तिरका फिरतो, आणि मग भोकं जुळवताना दिवस जातो. आधी शॅकल. तिथे अर्ध्या टोप्यांचे बुश, ते सहज निघाले.

पुढच्या पिनेने वेळ घेतला. नट सुटला, पण बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला. हातोडा मारला की रबर दबतं आणि बोल्ट परत येतो. इथे गॅसच्या ज्वाळेने तापवायची सूचना हमखास येते. तापवू नये. पेट्रोलची टाकी मागेच आहे, आणि पाट्याचं पोलाद तापवलं की त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं. तो डोळा पुढे कधीतरी मोडतो. ब्रॅकेट आणि डोळा यांच्या फटीत हॅक्सॉचं ब्लेड घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. बोल्ट नवा घालायचाच होता.

मग डोळा खाली उतरवून रबरात गोलाकार भोकं पाडली, आतली नळी ओढून काढली. बाहेरच्या नळीला आतून ब्लेडने एक उभी चीर दिली. चीर डोळ्याला लागू द्यायची नाही. नळी चिरली जाताच आवाज बदलतो, तिथे थांबायचं. छिन्नीने ती कड आत दुमडली की नळी सैल होते.

डोळा पॉलिश पेपरने साफ केला. नवा बुश एम 12 च्या (12 मिलिमीटर जाडीच्या) आटेदार सळईने ओढून बसवला. एका बाजूला डोळ्यापेक्षा मोठं सॉकेट, दुसऱ्या बाजूला फक्त बाहेरच्या नळीवर टेकेल असा वॉशर. आतल्या नळीवर जोर दिला तर रबर तिथल्या तिथे सुटतं. वंगण म्हणून साबणाचं पाणी. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबराला फुगवून मऊ करतं.

नट आधी फक्त हाताने आवळले, आणि इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, तो पिळला जातो. ॲक्सल लोंबत असताना नट कसले तर लोंबत्या अवस्थेतच तो बिनपिळाचा राहतो. गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला. मागची बाजू थोडी उंच राहते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. दोष मग बुशच्या नावावर जातो.

म्हणून चाक लावून गाडी खाली घेतली, डिकीवर जोर देऊन चार-पाच वेळा झुलवली, मागच्या सीटवर दोन माणसं बसवली आणि मगच नट कसले. बोल्ट 8.8 ग्रेडचा एम 12 असेल तर 80 न्यूटन-मीटरच्या आसपास. शॅकलच्या टोप्या रबर चेचेपर्यंत आवळायच्या नाहीत. पिनेचा खांदा पट्टीला टेकला की पुरे. पद्मिनीचे आटे मेट्रिक आहेत. ॲम्बेसॅडरवाल्यांनी इंची पाने काढावेत.

पुढचा रविवार

डावी बाजू निम्म्या वेळात झाली. शंभरेक किलोमीटर चालवून सगळे नट, पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टसकट, पुन्हा तपासले; उजव्या शॅकलचा एक नट पाव फेरा आवळला गेला. वहीतल्या आकड्याशी उंची ताडून बघितली : दोन्हीकडे जुन्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त, खचलेल्या रबराएवढीच. क्लच सोडताना मागून आवाज नाही.