पेट-सीटी आणि आतड्यातला ठिपका

माझ्या मानेतल्या गाठीची बायोप्सी होऊन हॉजकिन लिम्फोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचं, निदान झालं होतं. पेट-सीटी, म्हणजे शरीरात कुठे साखर जास्त खर्ची पडते ते दाखवणारं स्कॅन, करायची होती ती तो कुठवर पसरलाय हे बघायला. घरच्यांना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की स्कॅनमध्ये काही निघालं नाही तर सुटलो.

आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नको, सहा तास साध्या पाण्याखेरीज काही नको, असं बजावलं होतं. कारण टोचतात ती एफडीजी ग्लुकोजचंच भावंड, त्याला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. रक्तात साखर आधीच चढलेली असेल तर एफडीजीला वाव राहत नाही आणि चित्र फिकं येतं. म्हणून आधी बोट टोचून साखर तपासली. साधारण २०० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या वर असेल तर तारीख पुढे जाते.

इंजेक्शनचं काही नाही. जड गेला तो नंतरचा तास. मंद उजेडाच्या खोलीत पांघरूण घेऊन पडून राहायचं. फोन नाही, बोलणंही नाही, कारण बोललं की स्वरयंत्राचे स्नायू उजळतात आणि माझी गाठ तर मानेतच. पांघरूणही लाडाचं नव्हे: थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी ऊब आणायला साखर जाळते आणि गाठींसारखीच चमकते. डोक्यात नको ते विचार चालू होते, पण त्यांना मनाई नव्हती; मेंदू स्कॅनमध्ये तसाही लख्खच दिसतो.

मग लघवी करून यायचं, कारण एफडीजी मूत्राशयात साठते. पुढचं स्कॅन म्हणजे हात डोक्यावर घेऊन निश्चल पडणं, बस. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, तरी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगितलं.

रिपोर्टात मान आणि छातीतली मोठी गाठ उजळलेली. पोट, प्लीहा, हाडं स्वच्छ. म्हणजे दुसरी स्टेज, आणि अस्थिमज्जेच्या बायोप्सीची गरजही टळली. पण खाली एक ओळ होती: मोठ्या आतड्यात एक ठिपका. मी हादरलेच. डॉक्टर म्हणाले, "तिथे साखर जास्त खर्ची पडली, एवढंच यातून कळतं. सूज, संसर्ग, पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब, काहीही असेल. आत बघावं लागेल." कोलोनोस्कोपीत पॉलिप निघाला. काढला, तपासला, कॅन्सर नव्हता.

हे ऐकून ओळखीचे धडधाकट लोक विचारतात, आम्हीही एकदा सगळं अंग स्कॅन करून घेऊ का? माझं उत्तर, नको. असे ठिपके कुणातही सापडतात आणि मग तपासण्यांची रांग लागते. उलट प्रोस्टेटचे काही संथ कॅन्सर एफडीजीत उजळतच नाहीत. लक्षणं नसलेल्यांनी पूर्ण शरीराचं स्कॅन करावं असं सुचवण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनेही २०२३ मध्ये सांगितलंय.

केमोच्या दोन सायकलनंतर पुन्हा पेट झालं. गाठ सीटीत अजून दिसत होती, पण तिची चमक छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्तापेक्षा जास्त नव्हती. डोव्हिल स्कोअर, म्हणजे चमक किती उरली ते १ ते ५ मध्ये सांगणारा आकडा, २. त्यावरून पुढच्या सायकलमधून फुप्फुसाला त्रासदायक ठरू शकणारं ब्लिओमायसिन हे केमोतलं औषध वगळलं.