लेबल सांभाळायचं काम

भुंगेऱ्याला टाचणी लावायची ती मधोमध नाही, उजव्या पंखकवचातून. जात ओळखायच्या कितीतरी खुणा मधल्या रेषेवर असतात, त्या मोडता कामा नयेत. उजवीकडे भोक पडलं तरी डावी बाजू शाबूत राहते. इंग्लंडमधल्या एका संग्रहालयात नैसर्गिक विज्ञानाची क्युरेटर, म्हणजे नमुन्यांचा संग्रह सांभाळणारी, व्हायचं प्रशिक्षण घेतेय, तिथे हे अगदी सुरुवातीला शिकवतात.

घरच्यांना अजून वाटतं की मी लोकांना डायनोसॉर दाखवते. ते काम करणारी माणसं वेगळी असतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे सुमारे ८ कोटी नमुने आहेत आणि त्यातला अगदी थोडा भाग दालनांत मांडलेला असतो. बाकी सगळं मागे, कपाटांत, खणांत, बाटल्यांत. आमचं संग्रहालय त्यामानाने खूपच लहान, पण गणित तेच. जीवशास्त्राची किंवा भूशास्त्राची पदवी आणि त्यावर म्युझियम स्टडीज, असा इकडे यायचा एक रुळलेला रस्ता आहे. लेस्टर विद्यापीठात तर हा विभाग १९६६ पासून आहे. मात्र हात बसतो तो खणांसमोर बसूनच.

टाचणीवर भुंगेऱ्याच्या खाली एक इवलंसं लेबल असतं. कुठे सापडला, कधी, कुणाला. जातीचं नाव वेगळ्या लेबलावर लिहितात. ते चुकलं तर पुढे एखादा तज्ज्ञ सुधारतो, पण ठिकाण आणि तारीख एकदा हरवली की कुणालाच परत आणता येत नाही. म्हणून जुनं लेबल कितीही फाटकं असलं, नवं लावलं तरी, काढून टाकायचं नाही. माझ्या मते क्युरेटरचं निम्मं काम हेच आहे, नमुना आणि त्याचं लेबल यांची ताटातूट होऊ न देणं.

बाटल्यांतल्या नमुन्यांची लेबलं तर आत, अल्कोहोलमध्येच ठेवतात, कारण बाहेर चिकटवलेली कधी ना कधी गळून पडतात. साधारण ७० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोल असतं. ते पाण्याच्या आधी उडून जातं, म्हणून पातळी खाली गेलेली दिसली की उरलेलं किती पातळ झालंय हे आधी मोजायचं आणि मगच भर घालायची.

कीटकांच्या संग्रहाला खरी भीती कीटकांचीच. अँथ्रीनस नावाच्या बारक्या भुंगेऱ्याची केसाळ अळी वाळलेले नमुने आतून पोखरते. तिची चाहूल लागते ती टाचणीखाली पडलेल्या तपकिरी भुकटीवरून. तशी भुकटी दिसली की अख्खा खण पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये, उणे ३० अंशांवर तीन दिवस. जुने पक्षी हाताळताना हातमोजे घालतो, पण ते आपल्यासाठी. पूर्वी कातडी टिकावी म्हणून आतून आर्सेनिकचा साबण चोळत, आणि ते विष अजून तिथेच आहे.

एवढा जीव त्या चिठोऱ्यात का अडकवायचा, हे मला पटलं ते रानपिंगळ्याच्या गोष्टीने. पक्षी-अभ्यासक ए. ओ. ह्यूमने १८७३ मध्ये या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. पुढे खानदेशात इंग्रज सरकारचा अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. फक्त एकच नमुना नंतरचा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचं लिहिलं होतं. पक्षी शोधायला निघालेल्यांनी अर्थातच त्या लेबलावर विश्वास ठेवला. १९९० च्या दशकात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, त्याचे एक्स-रे काढले. आत पेंढा भरायची पद्धत डेव्हिडसनची निघाली. ब्रिटिश संग्रहातून चोरलेला पक्षी उसवून, पुन्हा भरून, त्यावर खोटं लेबल लावलेलं होतं. ती नोंद बाजूला सारून, खऱ्या लेबलांच्या आधाराने रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शोधायला निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्यात रानपिंगळा जिवंत दिसला, ११३ वर्षांनी! आपल्या मातीतला पक्षी, आणि त्याची वाट इंग्लंडमधल्या कपाटातून निघाली. मला याचा राग येतो आणि अप्रूपही वाटतं, दोन्ही एकदम.

असंच अंड्यांचं. ब्रिटिश पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये जुन्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची अंडी मोजून दाखवून दिलं की १९४७ च्या सुमारापासून त्यांची कवचं पातळ होत गेली होती. कारण डीडीटी. त्यातली जुनी अंडी गोळा करणाऱ्यांनी डीडीटीचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली होती.

आणि जातं ते किती लवकर! दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळालं, रिओचं राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये. रिओत कीटकांचा जवळजवळ सगळा संग्रह गेला. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीला नाव मिळतं त्या टाइप नमुन्याला आम्ही लाल लेबल लावतो, आणि आग लागली तर आधी ते वाचवता यावेत म्हणून त्यांची कपाटं कुठे आहेत हे सगळ्यांना पाठ असावं लागतं.

सध्या माझ्याकडे एकोणिसाव्या शतकात भारतातून आलेल्या फुलपाखरांचे खण आहेत. प्रत्येक लेबलाचा फोटो काढायचा, मजकूर टंकायचा, ठिकाणाला अक्षांश-रेखांश द्यायचे आणि ते किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकतील तेही लिहायचं. नुसतं ‘खानदेश’ लिहिलेलं असलं तर अख्खा जुना जिल्हा धरावा लागतो. गावांची नावं साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. १८८० चं खानदेश गॅझेटियर उशाशी घेऊन बसलेय, पण त्यात सगळे पाडे नाहीत. धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या कुणाकडे जुने तालुका नकाशे असतील, किंवा उठून गेलेल्या वस्त्यांची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असतील, तर मला जरूर कळवा. सगळ्यात आधी शहादा आणि तळोद्याची हवी आहेत.