स्पॉकचा मुलगा

शनिवार, रात्री

'यस्टरडेज सन' आज संपवलं. दुपारपासून पाऊस धरूनच होता, त्यामुळे बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. डेक्कनच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलेली प्रत, पानं पिवळी पडलेली. ए. सी. क्रिस्पिन या लेखिकेची ही पहिली कादंबरी, १९८३ची, 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या सफरींवरच्या अमेरिकन मालिकेच्या विश्वात घडणारी. मालिका चालते म्हणून काढलेली पुस्तकं, असं म्हणून लोक या कादंबऱ्या बाजूला सारतात. मला हे पटत नाही, आणि आज तर अजिबातच पटणार नाही.

हिचं मूळ मालिकेच्या एका भागात आहे, १९६९ सालच्या 'ऑल अवर यस्टरडेज'मध्ये. सार्पिडॉन ग्रहाच्या सूर्याचा स्फोट होणार असतो, आणि तिथली सगळी माणसं आपल्याच ग्रहाच्या भूतकाळात निघून गेलेली असतात. मागे उरलाय एक ग्रंथपाल. हव्या त्या काळाची चकती काढायची, बघायची, आणि दारातून त्या काळात जायचं. (हा भाग लिहिणाऱ्या जीन लिझेट अरोस्ट स्वतः ग्रंथपाल होत्या, हे कळलं तेव्हा किती आनंद झाला! भूतकाळात जायची वाट ग्रंथालयातून काढावी, हे त्यांनाच सुचायचं.) यानावरचे दोघे, भावना काबूत ठेवणाऱ्या, टोकदार कानांच्या व्हल्कन वंशाचा स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय, चुकून पाच हजार वर्षं मागे, हिमयुगात जाऊन पडतात. तिथे झाराबेथ भेटते, एका जुलमी सत्ताधाऱ्याने शिक्षा म्हणून एकटीला भूतकाळात धाडलेली. त्या काळात स्पॉकचंही मन त्याच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजांसारखं होत जातं. तो मांस खातो, चिडतो, आणि प्रेमात पडतो. मग परत येतो. ती येऊ शकत नाही. इकडे वर्तमानात सूर्याचा स्फोट होतो, ग्रह संपतो, भाग संपतो.

क्रिस्पिनबाईंनी विचारलं, झाराबेथला दिवस गेले असतील तर?

सार्पिडॉनच्या एका गुहाचित्राची प्रतिमा स्पॉकच्या बघण्यात येते. चित्रातला चेहरा व्हल्कन आहे. त्यावरून तो ताडतो की आपल्याला मुलगा झाला होता, आणि त्याला आणायला निघतो. ग्रह तर उरलेला नाही, मग जायचं कुठून? इथे लेखिका १९६७च्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'मधलं काळाचं द्वार वापरते. त्या द्वाराची एक अडचण मालिकेतच सांगून ठेवलेली आहे : आतून इतिहास इतक्या वेगाने सरकत असतो की नेमकी वेळ साधून उडी मारणं फार कठीण. क्रिस्पिनबाईंनी या अडचणीचं सोनं केलंय. स्पॉक लहान मुलाला आणायला म्हणून जातो आणि समोर उभा राहतो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा झार. आई केव्हाच गेलेली. झार इतकी वर्षं त्या बर्फात एकटा राहिलेला, बापाची वाट बघत. आणि बाप कसा, तर शिस्तीत उभा, चेहऱ्यावर काहीही न दाखवणारा.

ही मधली प्रकरणं मी दोनदा वाचली. झारला बोलायचंय, जवळ जायचंय. स्पॉक त्याला गणित शिकवतो, भाषा शिकवतो, व्हल्कन माणसाने कसं वागावं ते शिकवतो. मुलाची मैत्री होते ती यानाच्या कॅप्टन कर्कशी आणि मॅकॉयशी. बाप त्याला शिकवतो, पण त्याच्याशी बोलत नाही. असे बाप आपल्या ओळखीचे आहेत, त्यासाठी टोकदार कानांची गरज नाही.

संध्याकाळी चहा घेताना बाबांना गोष्ट सांगितली. त्यांना स्पॉक आठवतो, दूरदर्शनवर बघितलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, हा घटोत्कचच की." खरंच! भीम वनातून निघून गेला, मुलगा आईपाशी वाढला, आणि बापाच्या युद्धात कामाला आला. झारही रोम्युलन या शत्रूंविरुद्धच्या लढाईत असाच उतरतो. पण घटोत्कच कर्णाच्या शक्तीने पडतो, तर झार जगतो आणि स्वतःहून परत जातो. कारण त्याला कळतं की सार्पिडॉनच्या एका खोऱ्यात संस्कृती अचानक भराभर पुढे गेल्याची जी नोंद इतिहासात आहे, ते घडवणारा माणूस आपणच. तो गेला नाही तर तो इतिहासच घडणार नाही.

मला सांगायचंय ते इथे आहे. काळप्रवासाच्या गोष्टी दोन जातीच्या. एकीत भूतकाळ बदलतो. नारळीकरांचे गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात ते अशा जगात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. दुसरीत काहीच बदलत नाही. प्रवासी जे करतो ते आधीपासून इतिहासात असतंच. मालिकेशी बांधलेल्या कादंबरीला दुसरीच जात सोसते, कारण लेखकाला मूळ विश्वातली काडी हलवायची मुभा नसते. पडद्यावरच्या स्पॉकला मुलगा नाही, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत मुलगा त्याच्यापाशी राहता कामा नये. वाचकाला हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. क्रिस्पिनबाईंनी या बंधनावर रडगाणं न गाता त्यालाच गोष्टीचा गाभा केला : वाचक म्हणून मला जे आधीच माहीत आहे, तेच झारला हळूहळू कळत जातं. आणि स्पॉकला मुलाशी बोलायला किती थोडे दिवस आहेत, हे त्याच्याआधी मला कळलेलं असतं. प्रत्येक वाया गेलेलं संभाषण म्हणूनच जिव्हारी लागतं. मोकळं रान असलेल्या कादंबरीत हे साधलं असतं असं मला वाटत नाही.

पुढचा भाग, 'टाइम फॉर यस्टरडे', १९८८ साली आला. त्यात स्पॉक पुन्हा झारकडे जातो, आणि मधे मुलाच्या आयुष्याची कितीतरी वर्षं गेलेली असतात. सोमवारी पुस्तकवाल्याला विचारते. त्याच्याकडे नसेल तर मागवून घेईन. बाबांनाही हवंय, मी मराठीत सांगत सांगत वाचायचं असं ठरलंय.