‘पुढे काय?’ असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी नोकरीसाठी मनिलात राहते आणि तिथल्या ड्रॅग कलाकारांचे, म्हणजे बायकांचा साजशृंगार करून नाचणाऱ्या-गाणाऱ्या पुरुषांचे, कार्यक्रम आवडीने बघते, हे कळलं की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "तरुण आहेत तोवर ठीक आहे गं, पण पुढे काय? म्हातारपणी या लोकांना बघतं कोण?" एका काकांनी तर बालगंधर्वांची अखेरची वर्षं किती हलाखीत गेली याची आठवण करून दिली. या प्रश्नामागे कुत्सितपणा नसतो. कलावंत म्हटला की आपल्याकडे आधी त्याच्या पोटाची काळजी केली जाते, आणि ती काळजी मला रास्तच वाटते.

फिलिपिन्समध्ये या वाटेची सुरुवात अनेकदा फिएस्तात होते. गावच्या संताचा हा वार्षिक उत्सव. बास्केटबॉलच्या कोर्टवर स्टेज बांधतात आणि ‘मिस गे’ स्पर्धा रंगते. आयाबाया पोरांना कडेवर घेऊन बघायला येतात, टाळ्याही मनापासून पडतात. त्यातलाच एखादा मुलगा पुढे शहर गाठतो. कॉमेडी बारमध्ये गातो, समोरच्या गिऱ्हाइकांची फिरकी घेतो. आज तिथल्या टीव्हीवर ज्यांचं राज्य आहे ते व्हाइस गांदा अशाच बारमधून वर आले. मनिला महानगरातल्या ऑर्तिगास भागातल्या ओ बारसारख्या ठिकाणी ड्रॅगचे नियमित कार्यक्रम होतात. प्रेशियस पॉला निकोल त्याच मंचावर नावारूपाला आली आणि 2022 मध्ये ‘ड्रॅग रेस फिलिपिन्स’ या ड्रॅगच्या रिअॅलिटी स्पर्धेचा पहिला हंगाम तिने जिंकला. बक्षीस होतं 10 लाख पेसोंचं.

पण मुकुट एका हंगामात एकीच्याच डोक्यावर चढतो. बाकीच्यांचं घर राकेटवर चालतं. राकेट म्हणजे मिळेल ते जादाचं काम: कुणाचा वाढदिवस, कंपनीची ख्रिसमस पार्टी, एखाद्या दुकानाचं उद्घाटन. बारमधली टिप वेगळी.

खर्चाचं म्हणाल तर तयारीच एकदा जवळून बघायला हवी. भुवयांवर शाळेतल्या मुलांची ग्लूस्टिक फिरवायची, केस कपाळाला चपटे बसवायचे, वाळलं की पावडर, पुन्हा ग्लू, पुन्हा पावडर. भुवई पुरती लपली की तिच्यावर बोटभर अंतरावर नवी काढायची. कमरेला फोम कापून केलेल्या गाद्या, त्यांच्या कडा दिसू नयेत म्हणून एकावर एक चढवलेल्या स्टॉकिंग्ज. विग, गाऊन, बूट, सगळं स्वतःच्या पैशाने. सुरुवातीची कमाई बरीचशी यातच जाते, शिल्लक पडणार कुठून? 2020 मध्ये लॉकडाउनमुळे बार बंद झाले, तेव्हा कितीतरी जणींनी झोपायच्या खोलीत फोन लावून कार्यक्रम केले. फोनवरून पैसे पाठवायच्या जीकॅश अॅपवर टिपा आल्या, त्यावर दिवस ढकलले.

आता म्हातारपण. ते सांगायचं तर वॉल्टर डेम्पस्टर यांच्यापासून सांगावं लागेल. हे समलिंगी पुरुष. लोक त्यांना वॉल्टरिना मार्कोव्हा म्हणत. जन्म 1924 चा. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी त्यांच्यावर आणि त्यांच्यासारख्याच मित्रांवर लैंगिक अत्याचार केले. 1992 मध्ये मारिया रोसा हेन्सन यांनी जपानी सैन्याच्या अत्याचाराची स्वतःची कहाणी जाहीरपणे सांगितली. फिलिपिन्समध्ये असं बोलणाऱ्या त्या पहिल्या. मार्कोव्हांनीही पुढे आपली कहाणी उघडपणे सांगितली. त्या कहाणीवर 2000 साली चित्रपट आला आणि तिथल्या विनोदाचा बादशहा डॉल्फी याने म्हातारपणीचा मार्कोव्हा उभा केला. ज्या माणसाला आयुष्यभर हसण्यावारी नेलं गेलं, त्याचं दुःख देशाने पडद्यावर पाहिलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

मार्कोव्हांना अखेरच्या काळात आसरा मिळाला तो ‘होम फॉर द गोल्डन गेज’मध्ये. पासाय शहरातले नगरसेवक आणि स्तंभलेखक हुस्तो हुस्तो यांनी 1970 च्या दशकात हे घर सुरू केलं, तेही स्वतःच्या राहत्या घरात. कुटुंबाने दूर केलेले वृद्ध समलिंगी पुरुष इथे एकत्र राहायचे. 2012 मध्ये हुस्तो वारले, घर बंद झालं आणि सगळे बाहेर पडले. काहींवर रस्त्यावर झोपायची वेळ आली.

तरी त्यांनी एकमेकांना सोडलं नाही, आणि स्टेजही सोडलं नाही. साठी, सत्तरी उलटलेली ही मंडळी गाऊन घालून सौंदर्यस्पर्धेच्या थाटात कार्यक्रम करतात, त्या पैशातून भाडं, तांदूळ, औषधं भागवतात. एकाचा हात थरथरतो म्हणून दुसरा त्याची खोटी पापणी चिकटवून देतो. समोर गाणं सुरू झालं की तोच हात डौलात वर जातो. पुढे त्यांनी पुन्हा भाड्याचं घरही मिळवलं.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की म्हातारपणी तेच एकमेकांना बघतात. सरकारचा हात तोकडा आहे. गरीब वृद्धांना मिळणारं मासिक पेन्शन 2022 च्या कायद्याने 500 वरून 1,000 पेसो झालं. मनिलात एवढ्यात औषधंही भागत नाहीत. लैंगिकतेवरून होणारा भेदभाव रोखणारं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं 2000 साली, दर खेपेला ते संसदेतच अडतं. समलिंगी लग्नाला मान्यता नाही, त्यामुळे तीस वर्षं संसार केलेल्या जोडीदारालाही इस्पितळात सही करायचा हक्क आपोआप मिळत नाही. मनिलाला लागून असलेल्या केझोन सिटीने 2023 मध्ये ‘राइट टू केअर’ नावाचं कार्ड काढून आपल्या शहरापुरती ही सोय केली. असं पाऊल देशभर पडायला हवं, आणि लवकर, कारण या मंडळींकडे वाट बघायला वेळ नाही.

मनिलाला कधी आलात तर गोल्डन गेजचा कार्यक्रम कुठे आहे याची चौकशी करा. जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे न्यायची गरज नाही. ते कलाकार आहेत. तिकीट काढा, पुढच्या रांगेत बसा, आणि टिप सढळ हाताने द्या.