स्टुडिओ असताना लोकांच्या घरी का जाता?

"एवढा चांगला स्टुडिओ आहे, एसी आहे, बाहेरचा आवाज आत येत नाही. मग रेकॉर्डर घेऊन लोकांच्या घरी, दुकानात कशाला जाता?" नाशिकच्या सामुदायिक रेडिओसाठी मी गावातल्या माणसांच्या मुलाखतींचा कार्यक्रम करते, आणि हा प्रश्न मला सारखा येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवातीला मी सगळ्यांना स्टुडिओतच बोलवायचे. एकदा जुन्या नाशकातले, तांब्याची भांडी घडवणारे एक तांबटकाका आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. हेडफोन चढवला आणि त्यांची भाषाच बदलली. "सदर व्यवसाय आमच्या घराण्यात परंपरेने चालत आलेला आहे," असं सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलू लागले. अर्धा तास रेकॉर्डिंग झालं, पण त्यात काका कुठेच नव्हते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हातोडी घरी ठेवायला लावून मीच त्यांना उचलून आणलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. मठारकाम चाललं होतं, म्हणजे भांड्यावर एकसारखे ठोके देऊन पत्रा कडक करणं. बोलता बोलता काका थांबले, एकाच जागी पुन्हा ठोकलं. "ऐकलंस? इथं बद्द वाजतंय. मऊ आहे अजून." मग ती जागा खणखणीत वाजेपर्यंत ठोकत राहिले. हे समजावायला मला निवेदनाची चार वाक्यं लागली असती. रेडिओवर चार ठोके पुरले.

कल्हईचंही तसंच. नवसागराचा पांढरा धूर रेडिओवर दिसत नाही, पण तापलेलं पातेलं पाण्यात बुडवल्यावर होणारा चर्र आवाज ऐकू येतो, आणि दारात कल्हईवाला बसलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगावं लागत नाही.

गोदाकाठच्या एका वाड्यातल्या आजी 1969चा पूर सांगत होत्या. नाशकात पुराचं पाणी फुटांत कोणी सांगत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, असं सांगतात. आजींनी मारुतीपासूनच सुरुवात केली. मी विचारलं, "आणि वाड्यात कितव्या पायरीपर्यंत?" तर त्या उठल्याच. मोठ्याने मोजत जिना चढू लागल्या. "एक... दोन... तीन..." लाकूड करकरत होतं. सातव्या पायरीवर दम लागला, थांबल्या, मग म्हणाल्या, "इथं." तो दम मी कापला नाही. स्टुडिओत त्यांनी "सात पायऱ्या" एवढंच सांगितलं असतं.

घरी जाण्यात कटकटी आहेत, नाही असं नाही. कुकरच्या शिट्ट्या, पंखा, गल्लीतले हॉर्न. फ्रिज बंद करायला लावते आणि निघताना आठवणीने चालू करून येते. शेवटी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज घेते. संपादनात दोन वाक्यं जोडताना तो खाली घातला की सांधा जाणवत नाही.

आमच्यासारख्या केंद्राचा ट्रान्समीटर लहानसा असतो. आवाज 10-12 किलोमीटरपर्यंत पोचतो. पल्ला लहान, पण ऐकणारा याच गल्ल्यांतून फिरलेला असतो. त्याच्यापुढे खोटा आवाज चालत नाही.

तांबटकाकांचा भाग लागला त्या संध्याकाळी पंचवटीतून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. "निवेदनात तुम्ही हंडा म्हणालात. तो ठोका हंड्याचा नाही, घंगाळ्याचा आहे." मी मूळ रेकॉर्डिंग काढून पाहिलं. काकांनी त्या दिवशी दोन्ही भांडी ठोकली होती आणि जोडताना माझ्याकडून तुकडे बदलले गेले होते. रविवारच्या पुनर्प्रसारणाआधी ते वाक्य मी पुन्हा रेकॉर्ड केलं. काकांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी आधी त्या गृहस्थांचा नंबर मागितला.