एकाच रात्री पाच जण

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा हॉस्टेलवरून आला, तो बोटांच्या बेचक्यांत खाजवतच. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवसांत लाली ओसरली आणि आम्हीही विसरलो. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे पुढे कळलं. त्यानं पुरळ दबतं, खरजेचा किडा मात्र जागच्या जागी राहतो.

तो परत गेला आणि महिना-सव्वा महिन्यानं चार वर्षांची धाकटी रात्री रडत उठायला लागली. पाठोपाठ मी. दिवसा काही नाही. अंथरुणात शिरलं की मनगटं, बेंबी, कमर, सगळीकडे आग.

त्वचेच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला?" मी खाली मान घालून म्हटलं, "मुलाला होतं." खरूज म्हणजे घाणेरड्यांचा आजार, हे माझ्याही डोक्यात बसलेलं. त्या म्हणाल्या, किडा कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो, रोज दोनदा आंघोळ केली तरी तो निघत नाही. शिवाय पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे जातात, म्हणून खाज नसलेल्यांनीही त्याच दिवशी औषध लावायचं. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम, मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा.

औषध सोपं होतं. अवघड होत्या सासूबाई.

"मला कुठे खाजतंय? तुमचं तुम्ही लावा."

"आई, तुम्ही राहिलात तर आम्हाला पुन्हा होईल."

"म्हणजे माझ्यापासून होईल म्हण ना."

दोन दिवस अबोला. शेवटी नात त्यांच्याच कुशीत झोपते, हे यांनी आठवण करून दिल्यावर तयार झाल्या. मुलाला शनिवारी घरी बोलावलं आणि रात्री पाचही जण मानेपासून तळपायापर्यंत मलम चोपडून बसलो. नखांखाली, बेचक्यांत, बेंबीत, जांघेत, कुठेच सोडायचं नव्हतं. नखं आधीच कापली होती. धाकटी अंगठा चोखते, म्हणून तिच्या हातांत मोजे घातले. मी सवयीनं भांडी घासायला गेले आणि हातांना पुन्हा लावावं लागलं. सकाळी, दहा-बारा तासांनी, आंघोळी.

त्यानंतर कपडे. गेल्या तीन-चार दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात. पण गोधड्यांचं काय? जुन्या साड्यांच्या त्या जड गोधड्या डिसेंबरात वाळणार कधी! डॉक्टरांनी सोपी वाट सांगितली होती: माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून तोंड बांधलं आणि आठवडाभर माळ्यावर. घर फिनेलनं धुवायची गरज नव्हती. मी धुतलं, ती माझी हौस.

पुढच्या शनिवारी सगळं पुन्हा. तरीही खाज थांबेना. मी तिसऱ्यांदा लावायला निघाले, तर डॉक्टरांनी फोनवर अडवलं. किडे मेले तरी त्यांच्या अवशेषांनी दोन ते चार आठवडे खाज राहते, उगीच मलम लावलं तर कातडी आणखी चिडते. नवे फोड नाहीत ना, एवढं बघा. खाजेसाठी रात्रीची गोळी दिली. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा मी सलग झोपले.

एक काम मी टाळत होते. दिवाळीत जाऊबाई मुलांना घेऊन चार दिवस राहून गेल्या होत्या, सगळी पोरं एकाच गोधडीत. शेवटी फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता.

"अगं, आमच्याकडे महिनाभर चाललंय. घामोळं समजून मी कडुलिंब लावतेय."

"डिसेंबरात घामोळं?"

दोघी हसलो. मग त्यांनी विचारलं, "हॉस्टेलवाल्यांना सांगितलंस का?" मुलाच्या खोलीत आणखी सात पोरं होती. रेक्टरना फोन मी दुसऱ्या दिवशी केला.