केनियात सँड डॅमच्या कामाला गेले होते, त्याचा माझा अनुभव

आफ्रिकेत जाऊन इंजिनिअर म्हणून काम करायचंय, कसं जायचं, असं ओळखीतले बरेच सिव्हिलवाले विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी मूळची जालना जिल्ह्यातली, अंबडकडची, सध्या पुण्यात एका कन्सल्टन्सीत पाण्याच्या स्ट्रक्चर्सचं डिझाईन करते. बिनपगारी रजा काढून केनियाच्या माकुएनी काउंटीत एका सँड डॅमच्या, म्हणजे वाळूत पाणी साठवणाऱ्या बंधाऱ्याच्या, कामावर व्हॉलंटियर म्हणून गेले होते. हा भाग नैरोबीहून मोंबासाकडे जाणाऱ्या हायवेच्या बाजूला, कांबा लोकांचा मुलुख, तिथे त्याला उकाम्बानी म्हणतात, आणि दुष्काळाच्या बाबतीत आपल्या मराठवाड्याला काही सांगायला नको असा.

आधी संस्था शोधण्याचं सांगते कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. नेटवर व्हॉलंटियरिंगच्या जाहिराती खंडीभर आहेत, एका एजन्सीने तर चांगली रक्कम भरा, दोन आठवडे या आणि शाळेची भिंत बांधा असं पॅकेज पाठवलं होतं. आता तिथे उत्तम गवंडी आहेत, त्यांना फुंडी म्हणतात, त्यांचा रोज बुडवून मी पुण्याहून जाऊन विटा कशाला रचू? म्हणून मी प्रत्येक संस्थेला तेच विचारायला लागले की हे काम मागितलं कोणी, जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि आपण निघून आल्यावर मोडलं तर दुरुस्त कोण करणार. यावर गोलगोल उत्तर आलं की मी ते नाव काढून टाकायचे. शेवटी जी संस्था मिळाली ती आपल्या बचत गटांसारख्या तिथल्या नोंदणीकृत गटांबरोबर काम करणारी, काम गटाने मागितलेलं, आणि त्यांनी मला तिकीट काढायच्या आधी काही महिने घरूनच कामाला लावलं. जुन्या बंधाऱ्यांची ड्रॉइंग्ज, सर्व्हेचे आकडे, पुराच्या खुणांचे फोटो, आणि दर आठवड्याला तिथल्या टेक्निशियनबरोबर कॉल. हे मला फार पटलं. जी संस्था इंजिनिअरला आधी गृहपाठ देते ती गंभीर आहे असं समजायला हरकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, सुरू केलंय, पण टुरिस्ट म्हणून जाऊन तिथे काम करायचं नाही, बिनपगारी असलं तरी नाही, त्यामुळे परवानगी यजमान संस्थेने रीतसर काढली. डिग्रीच्या अटेस्टेड कॉपी, पोलीस क्लिअरन्स, इन्शुरन्स हे सगळं लागलं. यलो फीवरची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि निघायच्या किमान १० दिवस आधी, कारण केनियातून भारतात परत येताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड विचारतात आणि नसेल तर क्वारंटाइन. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. आणि एक महत्त्वाचं, डिझाईनवर सही माझी नव्हती, तिथल्या नोंदणीकृत इंजिनिअरची होती. नदीपात्रात काही बांधायचं तर वॉटर रिसोर्सेस ऑथॉरिटीची परवानगीही लागते, तीही त्यांनीच काढली. बाहेरचा माणूस सही करून निघून गेला आणि उद्या भिंत फुटली तर गावाने कोणाला धरायचं?

आता सँड डॅम म्हणजे काय. नावावरून वाळूचा बांध वाटतो पण बांध दगड-काँक्रीटचाच असतो, वाळू असते ती मागे साठवायची. वर्षातले बरेच महिने कोरडी असणारी, वाळू वाहून आणणारी नदी बघायची, कातळावर भिंत घालायची, पावसाळ्यात पुराबरोबर जाड वाळू येऊन भिंतीमागे बसते आणि हलका गाळ वरून निघून जातो. एक ते तीन पावसाळ्यांत पात्र वाळूने भरतं आणि पाणी त्या वाळूत राहतं. ऊन लागत नाही म्हणून बाष्पीभवन कमी, डास नाहीत, गुरं पाणी घाण करत नाहीत, आणि वाळूतून गाळून आल्यामुळे पाणीही बऱ्यापैकी स्वच्छ. तिथे पाऊस दोन वेळा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि उकाम्बानीत भरवशाचा मानतात तो दुसरा. १९५० च्या दशकात बांधलेले असे बंधारे त्या भागात आहेत. नंतर १९७८ मध्ये जोशुआ मुकुस्या यांनी उटूनी नावाची संस्था काढली आणि गावगटांकडून असे बंधारे बांधून घेतले, त्यांचं नाव तिथे अजून आदराने घेतात. थोडक्यात हे ज्ञान त्यांचं आहे, आपण शिकायला आणि हिशोब तपासायला जातो.

जागा निवडणं हाच खरा प्रोजेक्ट. गटातल्या तरुण पोरांना खालची जागा हवी होती कारण रस्ता जवळ, सिमेंटचा ट्रक थेट येतो. बायका म्हणत होत्या वर वळणाच्या अलीकडे, कारण तिथले झिरे सप्टेंबरपर्यंत आटत नाहीत. आपल्याकडे जसं नदीत खड्डा करून वाटीने पाणी भरतात अगदी तसेच झिरे. मग आम्ही १६ मिलिमीटरची सळई घेतली, दर २५ सेंटिमीटरवर खाच केलेली, आणि पात्रात आडवी दोरी बांधून ठोकत ठोकत गेलो. वाळूत सळई करकर आवाज करते, मातीत आवाज मंद होतो आणि कातळाला लागली की हाताला झिणझिण्या येतात. वरच्या जागी अख्ख्या पात्रात कातळाचा उंबरठा लागला, दोन्ही काठ टणक. खालच्या जागी एका काठाला सळई मऊ मातीत नुसती जात राहिली. असे बंधारे बहुतेक वेळा मधून फुटत नाहीत, पाणी काठाकडून वळसा घालून जातं किंवा खालून वाट काढतं, म्हणून काठ आणि पाया यांच्यात तडजोड नाही. पोरांनी स्वतः सळई ठोकून बघितल्यावर वाद तिथेच मिटला.

दुसरी टेस्ट मला सगळ्यात आवडली. वीस लिटरच्या पिवळ्या कॅनचं तोंड कापायचं, तळाला भोक पाडून बूच लावायचं, त्यात पात्रातली कोरडी वाळू भरायची आणि मोजून पाणी ओतत राहायचं जोपर्यंत वाळूवर पाणी दिसत नाही. मग बूच काढून किती पाणी परत मिळतं ते मोजायचं. जाड वाळू असेल तर एकूण आकारमानाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी परत मिळतं, बारीक गाळ असेल तर ५ टक्क्यांच्या आसपास, बाकीचं तो धरून बसतो. सॉफ्टवेअर नको, लॅब नको, आणि सगळं गाव भोवती उभं राहून बघतंय. एका आजींनी जाड वाळूतून आणि गाळातून मिळालेलं पाणी दोन बादल्यांत शेजारी शेजारी ठेवून बघितलं आणि मग गटाला त्यांच्या भाषेत काहीतरी खडसावून सांगितलं. टेक्निशियनने मला समजावलं की त्या म्हणतायत वरच्या शेतांना बांधबंदिस्ती केल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, नाहीतर सगळी माती इथेच येऊन बसेल. अगदी बरोबर मुद्दा होता. तिथे फान्या जू पद्धतीने बांध घालतात, म्हणजे समतल चर खणून माती चराच्या वरच्या अंगाला टाकायची. गटाने ते काम आधी केलं आणि त्याच कारणाने आम्ही भिंतीची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढवायची ठरवली, एकदम पूर्ण उंची दिली की पाणी संथ होऊन गाळ खाली बसतो.

जमिनीचंही सांगायला हवं. दोन्ही काठांच्या मालकांकडून लेखी संमती, पाण्यापर्यंत जायच्या वाटेसकट, आणि ती भागाच्या चीफसमोर, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर. तो कागद हातात येईपर्यंत सिमेंट मागवलं नाही.

बांधकामात डबर, वाळू, पाणी आणि मेहनत गटाची, सिमेंट, सळई, काटेरी तार आणि गवंड्याची मजुरी संस्थेची. कामावर बायकाच जास्त होत्या. सकाळी प्रार्थना, मग हजेरी, मग काम. काँक्रीटसाठी पाणी गाढवांवरून यायचं, एका गाढवावर चार कॅन, आणि पाणी कमी आलं तर त्या दिवशीचा माल कमी कालवायचा, पातळ-घट्ट करून चालवून घ्यायचं नाही, हे गटाच्या अध्यक्षबाईंनीच ठरवून टाकलं होतं. सिमेंटच्या खोलीची किल्ली खजिनदाराकडे, गोणी बाहेर निघाली की वहीत दोन सह्या, पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पाठवायचे, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराचा मेसेज. माझं काम होतं रोज लेव्हल घेणं, पायाचा कातळ साफ धुतलाय का बघणं, काठात घुसणाऱ्या पंखभिंती ड्रॉइंगइतक्या आत जातायत का मोजणं, आणि गटातल्या दोन मुलींना लेव्हल मशीन लावायला शिकवणं. सांडव्याची, म्हणजे भिंतीवरून पुराचं पाणी जिथून जातं त्या भागाची, रुंदी आम्ही पुराच्या खुणांवरून काढली होती, झाडांना अडकलेल्या काटक्या कुठपर्यंत आहेत ते म्हाताऱ्या माणसांना विचारून. दुपारी मुथोकोई, म्हणजे कांडून साल काढलेला मका आणि शेंगदाण्याएवढाले घेवड्याचे दाणे एकत्र शिजवलेले, पोटभर. शेवटी शेवटी त्या दोन मुलीच रीडिंग घ्यायच्या आणि मी नुसतं वहीत उतरवून घ्यायचे.

वाळूचोरीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथेही नैरोबीच्या बांधकामांसाठी नद्या उपसल्या जातात, आणि सँड डॅममधली वाळू गेली म्हणजे पाणीच गेलं. माकुएनी काउंटीने २०१५ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि गावकरी स्वतः पात्रावर नजर ठेवतात. आमच्या गोदावरीच्या काठाला रात्री हायवा कसे धावतात ते मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे गटाने बंधाऱ्याच्या नियमावलीत पहिलाच नियम एक टोपलं वाळू सुद्धा विकायची नाही असा लिहिला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

पात्राच्या काठाला विहीर आणि तिच्यावर हातपंप, आमच्या भाषेत हापसा. तिथे बसवला तो अफ्रिदेव, १९८० च्या दशकात केनियातल्या क्वाले भागात ज्याच्या चाचण्या झाल्या तो. एका पान्याने उघडतो, वॉशर गावातल्या बायका स्वतः बदलतात. मी त्यांना सांगितलं की जगभर गेलेला इंडिया मार्क टू हा हापसा ज्या कामातून पुढे आला त्याची सुरुवात माझ्या जालन्यात १९६० च्या दशकात मिशनच्या लोकांनी केली होती, मग सोलापुरात सुधारणा झाली, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला. तिथल्या मेकॅनिकने लगेच विचारलं की मग तुमच्या गावातले हापसे चालू आहेत का. आमच्याकडे निम्मे तरी बंद आहेत, बोअर खाली गेले आणि दुरुस्तीला कोणी फिरकत नाही, तेच सांगितलं. त्यावर त्याने त्यांची वर्गणीची वही दाखवली, घरटी दरमहा ठरलेली रक्कम, आणि सुट्या भागांचा डबा.

पहिल्या पावसानंतरचे व्हिडिओ आले, वाळू सांडव्याच्या पातळीच्या खाली आहे पण जाड बसलीये, कॅनची टेस्ट त्या दोन मुलींनी परत करून आकडे पाठवलेत. आता दुसऱ्या टप्प्याची उंची वाढवायचीय आणि त्याआधी पुराचा हिशोब नव्याने करायला हवा, तो मी इथून संध्याकाळी करतेय. गेज स्टेशन, म्हणजे नदीचं पाणी मोजायचं केंद्र, नसलेल्या छोट्या पाणलोटाच्या पुराचं काम ज्यांनी हाताने केलंय, विशेषतः जलसंपदा किंवा मृद संधारण खात्यातून रिटायर झालेले कोणी असतील, तर माझी शीट तपासून द्या. पाणलोटाचा नकाशा, पुराच्या खुणांच्या लेव्हल आणि दोन्ही काठांचे क्रॉस सेक्शन माझ्याकडे तयार आहेत, आणि गटाला उत्तर पुढच्या पावसाच्या आधी हवंय.